वाचकांचे प्रश्न : रेड सॉक्सने आपलीच पोरं का सोडली?

मागच्या अंकात मी बोस्टनची बेसबॉल टीम रेड सॉक्स आणि तिच्या फेनवे पार्क मैदानाबद्दल लिहिलं होतं, ती सदतीस फुटी हिरवी भिंत, एप्रिलमधे पेट्रियट्स डेला सकाळी अकरा वाजता सुरू होणारी मॅच, ते सगळं. आणि शेवटी सहज एक वाक्य लिहून गेले की टीमने आपला लाडका मूकी बेट्स दुसऱ्या टीमला दिला त्या वर्षापासून हिवाळा आला की मला धाकधूक लागते. त्या एका वाक्यावरच बरीच पत्रं आली. काही जणांना कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतेय, आणि काही जणांना ते इतकं कळलं की त्यांनी पानंच्या पानं लिहून पाठवली. म्हणून यावेळी सगळे प्रश्न ह्याच विषयाचे घेतलेत, रेड सॉक्सने हिवाळ्यात घेतलेले निर्णय.

मॅचच नसताना तुम्हा लोकांना टेन्शन कसलं? तिकडे आयपीएलसारखं ऑक्शन असतं का? (पुण्याहून एक वाचक)

ऑक्शन नसतं, आणि खरा फरक तिथेच आहे. वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, ऑक्टोबरच्या शेवटी नाहीतर नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते आणि फेब्रुवारीच्या मध्याला पिचर-कॅचर (बॉल टाकणारे आणि झेलणारे) मंडळी फ्लोरिडात फोर्ट मायर्सला सरावाला जमतात, मधे साडेतीन महिने एकही बॉल पडत नाही, पण टीम घडते किंवा बिघडते ती याच साडेतीन महिन्यांत. आयपीएलमधे कसं, सगळ्यांची पर्स सारखी, २०२५ च्या मेगा ऑक्शनला १२० कोटी रुपये, जास्तीत जास्त ६ जणांना राखायचं आणि बाकी सगळे टेबलावर, त्यामुळे आपला आवडता गेला तरी नियमामुळे गेला अशी मनाची समजूत घालता येते. बेसबॉलमधे ती सोय नाही. पगाराला कमाल मर्यादा नाही, मालकाच्या खिशात असेल तेवढा पैसा तो लावू शकतो, त्यामुळे कोणी गेला तर तो कोणीतरी जाऊ दिला म्हणून गेलेला असतो.

थोडक्यात नियम सांगते म्हणजे पुढची उत्तरं वाचायला सोपी जातील. टीमने एखाद्या मुलाला मायनर लीगमधे (खालच्या पायरीच्या सामन्यांत) वाढवून वर आणलं की साधारण सहा वर्षं तो त्यांचाच. पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपास, २०२५ ला तो ७ लाख ६० हजार डॉलर्स होता, मग पुढची तीन वर्षं लवादासारखी पद्धत, दोन्ही बाजू आपापला आकडा सांगतात आणि जमलं नाही तर तिऱ्हाईत लवाद ठरवतात. सहा वर्षं भरली की तो फ्री एजंट, कुठेही जायला मोकळा. म्हणजे टीमकडे तीनच वाटा उरतात, वेळेवर मोठा करार करायचा, जायच्या आधी दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात कोणीतरी आणायचा, नाहीतर हात हलवत बसायचं. आणि कमाल मर्यादा नसली तरी एक कर आहे, लक्झरी टॅक्स म्हणतात त्याला. एकूण पगार ठरावीक आकड्याच्या वर गेला (२०२० ला २०.८ कोटी डॉलर्स, २०२५ ला २४.१ कोटी) की वरच्या रकमेवर टीमने दंड भरायचा, पहिल्या वर्षी २० टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०. हे टक्के लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागणार आहेत.

मूकी बेट्स प्रकरणाला इतकी वर्षं झाली तरी तुम्ही बोस्टनवाले अजून तेच घेऊन बसलाय. खेळाडू येतात जातात. आमच्याकडून रॉबिन्सन कानो गेला, आम्ही रडलो का? (एडिसन, न्यू जर्सीहून एक यांकीज, म्हणजे आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी न्यू यॉर्कच्या टीमचा, फॅन)

दादा, कानो फ्री एजंट होऊन सिॲटलला गेला, त्याने निवडलं. मूकीला निवडायची वेळच आली नाही, त्याच्या आधी त्याला दिला. या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत.

पहिल्यापासून सांगते. २०११ च्या ड्राफ्टमधे (नव्या मुलांच्या वार्षिक निवडीत) पाचव्या फेरीत घेतलेला नॅशविलचा पोरगा, अंगाने बारीकसा, मायनर लीगमधे सेकंड बेसच्या जागी फील्डिंग करायचा, मोठ्या टीममधे त्या जागी डस्टिन पेड्रोया होता म्हणून त्याला आउटफिल्डला पाठवला आणि तो देशातला सगळ्यात चांगला राइट फिल्डर झाला. २०१८ ला .३४६ बॅटिंग सरासरी (दर हजार वेळा बॅटिंगला ३४६ हिट), ३२ होम रन, ३० चोरलेले बेस, अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. टीम १०८ मॅच जिंकली आणि वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याच सिरीजमधे एका रात्री मॅच संपल्यावर हा माणूस बोस्टन पब्लिक लायब्ररीबाहेर थंडीत झोपणाऱ्या लोकांना गरम जेवण वाटत होता, गाजावाजा न करता, बातमी नंतर फुटली. असा खेळाडू आपल्या गावाला मिळतो तेव्हा लोक त्याला खेळाडू म्हणून धरत नाहीत, घरातला म्हणून धरतात.

आता टीमची बाजू. २०१८ आणि २०१९ अशी दोन वर्षं लागोपाठ ते टॅक्सच्या रेषेच्या वर होते, २०१८ ला तर इतके वर की पुढच्या ड्राफ्टमधे त्यांची पहिली निवड दहा जागा मागे ढकलली गेली. २०२० तिसरं वर्ष, म्हणजे ५० टक्के. मूकीचा त्या वर्षीचा पगार २.७ कोटी डॉलर्स, लवादाच्या टप्प्यातल्या खेळाडूला तोपर्यंत कधीच तेवढा मिळाला नव्हता, आणि ते वर्ष संपलं की तो फ्री एजंट. बातम्यांनुसार टीमने त्याला दहा वर्षांचे ३० कोटी देऊ केले होते आणि त्याला त्याहून बरेच जास्त हवे होते. हाइम ब्लूम नावाचा नवा माणूस ऑक्टोबर २०१९ ला टीमचा प्रमुख झाला आणि त्याच्या पुढ्यात पहिलंच काम हे आलं. हे सगळं मला मान्य आहे. कर खोटा नाही, तो जाऊ शकला असता ही भीतीपण खोटी नाही.

पण मग काय केलं ते बघा. फेब्रुवारी २०२० मधे आधी मिनेसोटाला धरून तीन टीमचा सौदा ठरला, तो वैद्यकीय तपासणीवरून अडला, मग परत जुळवून मूकी आणि त्याच्याबरोबर डेव्हिड प्राइस नावाचा महागडा पिचर लॉस एंजेलिसच्या डॉजर्सला, प्राइसचा उरलेला अर्धा पगार बोस्टननेच भरायचा. बदल्यात ॲलेक्स वर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. मूकीबरोबर प्राइसला बांधून पाठवलं म्हणजे खर्च कमी करण्यासाठी आपलं सोनं ओझ्याबरोबर देऊन टाकलं, आणि ओझं घेतल्याबद्दल समोरच्याने सोन्याचा भाव पाडला. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. मूकीला द्यायचाच होता तर एकटा द्यायचा आणि त्याची पूर्ण किंमत वसूल करायची.

पुढचं सगळ्यांना माहितीये. जुलै २०२० मधे, डॉजर्सकडून एकही खरी मॅच खेळायच्या आधी, मूकीने त्यांच्याशी १२ वर्षांचा ३६.५ कोटींचा करार केला. त्याच वर्षी ते वर्ल्ड सिरीज जिंकले, मग २०२४ ला, मग २०२५ ला परत. आणि आपण? २०२० ला डिव्हिजनमधे (आमच्या पाच टीमच्या गटात) शेवटचे. २०२१ ला जवळ जाऊन हरलो, २०२२ आणि २०२३ ला परत शेवटचे. डाउन्स बोस्टनकडून १४ मॅच खेळला आणि त्याला वेव्हर्सवर, म्हणजे हवा त्या टीमने घ्यावा म्हणून, सोडलं. वर्डुगोला डिसेंबर २०२३ मधे तुमच्याच यांकीजना दिला, आणि २०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा आउट तोच झाला, समोर डॉजर्स, मैदानात मूकी. मी ती मॅच शेवटपर्यंत बघितली. टीव्ही बंद केल्यावर बराच वेळ तशीच बसून होते.

ऑगस्ट २०२३ मधे मूकी पहिल्यांदा परत फेनवेला खेळायला आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं, मी पण उभी होते, शेजारी एक बाई आपल्या नातवाला सांगत होती की हा आपला होता. "आपला होता" हे जे आहे ना, ते टॅक्सच्या हिशोबात कुठेच येत नाही आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ते यायला पाहिजे, कारण तिकीट काढणारा माणूस त्या हिशोबासाठी तिकीट काढत नाही.

हे बेब रूथच्या शापासारखंच झालं का? (नाशिकहून एक वाचक)

शाप वगैरे मी मानत नाही. बेब रूथ या रेड सॉक्सच्या स्टारला डिसेंबर १९१९ मधे यांकीजना १ लाख डॉलर्सना विकला आणि १९१८ नंतर पुढचं विजेतेपद २००४ ला मिळालं, हे खरं, लोक त्यालाच शाप म्हणतात. ८६ वर्षं. पण इतकी वर्षं हरायला शाप पुरत नाही, त्यासाठी दर काही वर्षांनी नवी चूक करावी लागते.

त्यातली एक मला फार लागते. कार्लटन फिस्क, न्यू हॅम्पशायरला वाढलेला कॅचर, म्हणजे अगदी इथला मुलगा, १९७५ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या मॅचला बाराव्या इनिंगमधे होम रन मारून बॉल फाउल (रेषेबाहेर) जाऊ नये म्हणून दोन्ही हात हलवत उड्या मारत गेला तो. डिसेंबर १९८० मधे त्याचा पुढच्या वर्षाचा करार ठरलेल्या तारखेच्या आत टपालात टाकायचा होता. टीमने तो दोन दिवस उशिरा टाकला. त्यामुळे तो फ्री एजंट ठरला आणि शिकागो व्हाइट सॉक्सला गेला, बोस्टनला २७ नंबर घालायचा, तिथे उलटा करून ७२ घातला आणि पुढे १३ सीझन तिथे खेळला. मी २००४ च्या ऑगस्टला इथे राहायला आले तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, त्यांना ही गोष्ट सांगताना चोवीस वर्षांनंतरसुद्धा राग यायचा. तेव्हा मला बेसबॉल काडीचं कळत नव्हतं, पण एका पाकिटापायी गेलेल्या माणसाबद्दलचं ते दुःख मात्र लगेच कळलं. त्याच ऑक्टोबरला टीम यांकीजविरुद्ध ०–३ मागे पडून ४–३ ने जिंकली, आणि आजींच्या खोलीत बसूनच मी फॅन झाले.

ख्रिस सेलला अटलांटाला दिला आणि वर पैसेही दिले, हे वाचून मला खरंच कळलं नाही. असं कोणी करतं का? (ठाण्याहून एक वाचक)

करतात, आणि हा निर्णय घेतला त्या दिवशी मला इतका चुकीचा वाटला नव्हता, हे आधी कबूल करते. डिसेंबर २०२३ चं शेवटचं टोक. नवा प्रमुख क्रेग ब्रेस्लो, जो स्वतः २०१३ च्या विजेत्या टीममधे रिलीफ पिचर (मॅचच्या मधे येऊन बॉल टाकणारा) होता. सेल हा पिचर, त्याची मागची चार वर्षं बघा, २०२० पूर्ण गेलं कोपराच्या ऑपरेशनमधे, २०२१ ला ऑगस्टला परत आला, २०२२ ला बॉल लागून बोट मोडलं आणि ते बरं होतंय तोवर सायकलवरून पडून मनगट मोडलं, २ मॅच सुरू केल्या त्या वर्षी. २०२३ ला २०. ताकही फुंकून प्यावं अशीच अवस्था होती. म्हणून त्याच्या पगारातले १.७ कोटी डॉलर्स बरोबर देऊन त्याला पाठवला आणि बदल्यात वॉन ग्रिसम नावाचा तरुण इनफिल्डर घेतला.

२०२४ ला सेल १८ जिंकला, ३ हरला, २.३८ ची इआरए (म्हणजे नऊ इनिंगमागे सरासरी किती रन दिले तो आकडा), २२५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), नॅशनल लीगचा साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार. ग्रिसम त्या वर्षी जखमांमुळे बोस्टनसाठी ३१ मॅच खेळला आणि .१९० ची सरासरी. नशीबाचा भाग आहे त्यात, नाही म्हणत नाही. पण त्याच हिवाळ्यात मालकांपैकी टॉम वर्नर जाहीरपणे बोलले होते की आता पूर्ण वेगाने, फुल थ्रॉटल, टीम बांधणार. असं बोलून लोकांना आशा लावायची आणि मग पिचरची चणचण असताना आपला अनुभवी पिचर द्यायचा, या विसंगतीचा मला राग आला, सौद्याचा तेवढा नाही.

डेव्हर्सच्या बाबतीत मात्र तुम्ही टीमला दोष देऊ शकत नाही. इतके पैसे घेऊन टीम सांगेल तिथे खेळायला नको? आपल्याकडे द्रविडने टीमसाठी विकेटकीपिंग केलं. (डोंबिवलीहून एक वाचक)

तुमचं द्रविडचं उदाहरण मला फार आवडलं आणि अर्धं मान्य पण आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलते, कारण या प्रश्नावर मी घरातसुद्धा खूप भांडलेय.

आधी मागचा धागा. झँडर बोगार्ट्स, अरुबाचा शॉर्टस्टॉप, सोळाव्या वर्षी टीमने घेतलेला, २०१३ आणि २०१८ दोन्ही विजेतेपदांत होता. २०२२ च्या सुरुवातीला त्याला जो वाढीव करार देऊ केला तो बातम्यांनुसार इतका कमी होता की त्यात त्याचा मान राहिला नाही, आणि डिसेंबर २०२२ ला तो ११ वर्षांच्या २८ कोटींवर सॅन डिएगोला गेला. मूकी गेलेला, बोगार्ट्स गेलेला, लोक संतापलेले, तेव्हा कुठे जानेवारी २०२३ मधे राफाएल डेव्हर्सशी १० वर्षांचा ३१.३५ कोटींचा करार झाला. बैल गेला आणि झोपा केला अशातली गत, पण निदान केला. डेव्हर्स डॉमिनिकन रिपब्लिकचा, हासुद्धा सोळाव्या वर्षी आलेला, आमच्या डोळ्यांसमोर मोठा झालेला. आम्ही म्हटलं चला, एक तरी राहिला.

मग फेब्रुवारी २०२५. टीमने ॲलेक्स ब्रेगमनला ३ वर्षांच्या १२ कोटींवर आणलं, आणि दर वर्षी तो करार मोडून जायची मुभा त्याला. ब्रेगमन थर्ड बेसचा, आणि त्या जागी तो डेव्हर्सपेक्षा चांगला, यात वाद नाही, डेव्हर्सचे हात तिथे कधीच भरवशाचे नव्हते. पण डेव्हर्स फोर्ट मायर्सला आला आणि पत्रकारांना म्हणाला की थर्ड बेस माझी जागा आहे, करार करताना आमचं तेच बोलणं झालं होतं. म्हणजे जो माणूस २०३३ पर्यंत तुमचा, त्याला तुम्ही आधी समोर बसवून नीट सांगितलं नाही की बाबा रे, आम्ही असं असं करणार आहोत. तो फुगून बसला, मग डीएच म्हणून फक्त बॅटिंग करायला तयार झाला. सीझनच्या पहिल्या पाच मॅचमधे १९ वेळा खेळायला येऊन एकही हिट नाही, १५ स्ट्राइकआउट, आणि मग गाडी रुळावर आली आणि तो जोरात मारायला लागला.

मेच्या सुरुवातीला फर्स्ट बेसचा ट्रिस्टन कॅसस गुडघ्याच्या दुखापतीने पूर्ण सीझनसाठी गेला. टीमने डेव्हर्सला विचारलं, फर्स्ट बेस खेळशील का. तो नाही म्हणाला, आणि जाहीरपणे म्हणाला. इथे मी तुमच्या बाजूची आहे. मे महिन्यात, टीम अडचणीत असताना, त्याने ग्लोव्ह उचलायला हवा होता. मूकीनेच बघा ना, सहा गोल्ड ग्लोव्ह (फील्डिंगचे पुरस्कार) जिंकलेला राइट फिल्डर, तिशी ओलांडल्यावर टीमसाठी शॉर्टस्टॉप शिकला. मालक जॉन हेन्री स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला गेले त्याच्याशी बोलायला. पण तोपर्यंत ते नातं आटलं होतं.

१५ जून, रविवार. फेनवेला यांकीजविरुद्धची तिसरी मॅच, २–० ने जिंकलो, तिन्ही जिंकलो त्या वीकेंडला, त्या मॅचमधे डेव्हर्सने होम रन मारला. आम्ही गाडीतून घरी येत होतो, सगळे खुशीत, आणि संध्याकाळी बातमी आली की डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला. त्याचा २५ कोटींहून जास्त उरलेला पगार जायंट्सनी उचलला आणि बदल्यात जॉर्डन हिक्स, काइल हॅरिसन आणि दोन मायनर लीगची मुलं, त्यातला जेम्स टिब्स महिना-दीड महिन्यात डॉजर्सला गेलासुद्धा. आणि डेव्हर्स तिकडे जाऊन फर्स्ट बेस खेळला. हे मला जास्त लागलं. म्हणजे तो खेळू शकत होता, त्याला आमच्यासाठी खेळावंसं वाटलं नाही, आणि तसं का वाटलं नाही याचं उत्तर फेब्रुवारीतच होतं.

आणि ज्या ब्रेगमनसाठी हे सगळं झालं तो ११४ मॅच खेळला, चांगला खेळला, तरुण मुलांना खूप शिकवलं असं सगळे सांगतात, आणि नोव्हेंबर २०२५ ला मुभा वापरून मोकळा झाला, मग शिकागो कब्जला गेला. म्हणजे एका वर्षात थर्ड बेसवरचे दोन्ही गेले. ब्रेगमनला आणणं चूक नव्हतं हो, मी आजही ते परत करेन. पण आणायच्या आदल्या दिवशी एक फोन, एक भेट, दुभाषा बरोबर घेऊन त्याच्या घरी जाऊन अर्धा तास. त्या अर्ध्या तासाला पैसे पडत नाहीत, टॅक्स तर नाहीच नाही.

एखादा तरी निर्णय आवडला का तुम्हाला? (श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्सहून एक वाचक)

हो, दोन सांगते.

एक जुना. डिसेंबर २००२ ला मिनेसोटाने डेव्हिड ऑर्टिझला सोडून दिला, बदल्यात काही न घेता. जानेवारी २००३ ला बोस्टनने त्याला साडेबारा लाख डॉलर्सला घेतला, तेव्हा जनरल मॅनेजर थिओ एपस्टाइन २९ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी, ०–३ मागे पडलेल्या त्या सिरीजमधे, यांकीजविरुद्ध चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही मॅचचा शेवटचा फटका ऑर्टिझचा. तीन विजेतेपदं, हॉल ऑफ फेम. दुसऱ्याने टाकलेला माणूस ओळखणं ही फार मोठी विद्या आहे.

दुसरा ताजा, पिचर गॅरेट क्रोशे. डिसेंबर २०२४ ला व्हाइट सॉक्सला चार तरुण देऊन त्याला आणला, त्यातले काइल टील आणि ब्रेडन माँटगोमेरी दोघं पहिल्या फेरीत निवडलेले, त्यामुळे सौदा स्वस्त नव्हता. पण यावेळी वाट बघत बसले नाहीत. सीझन सुरू होताच, एप्रिलच्या आसपास, त्याच्याशी ६ वर्षांचा १७ कोटींचा करार. तो १८–५ खेळला, २५५ स्ट्राइकआउट, सगळ्या मेजर लीगमधे जास्त. टीम ८९ मॅच जिंकून प्लेऑफला गेली, यांकीजविरुद्धची पहिली मॅच त्याने एकट्याच्या जोरावर जिंकून दिली, नंतरच्या दोन हरलो ते वेगळं. टीलची मला आठवण येते, तो चांगला कॅचर होणार आहे, पण हा सौदा मी रोज करेन.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला वाढदिवसाला रेड सॉक्सची नावाची जर्सी हवी आहे. मागच्या वर्षी डेव्हर्सची घेतली आणि दोन महिन्यांत तो गेला, मुलगा खूप रडला, जर्सी घालत नाही आता. यावेळी कोणाची घेऊ, की बिननावाची घेऊ? (फ्रेमिंगहॅमहून एक आई)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

बिननावाची नका घेऊ. नऊ वर्षांच्या मुलाला टीम आवडत नसते, माणूस आवडतो, टीम मागून येते. रोमन अँथनीची घ्या. ९ जून २०२५ ला पहिली मॅच खेळला, वय २१, आणि दोनच महिन्यांत, ऑगस्टमधे, टीमने त्याच्याशी ८ वर्षांचा १३ कोटींचा करार केला, २०३३ पर्यंत. सहा वर्षं संपायची वाट बघितली नाही, लवाद नाही, शेवटच्या वर्षी घासाघीस नाही. मूकीच्या वेळी जे करायला हवं होतं ते यावेळी पहिल्याच उन्हाळ्यात केलं. सप्टेंबरमधे पोटाचा स्नायू दुखावला म्हणून प्लेऑफ खेळू शकला नाही, नाहीतर त्या तिसऱ्या मॅचचं चित्र वेगळं दिसलं असतं असं मला फार वाटतं.

उद्या कोणी त्याला देणारच नाही अशी खात्री मी देऊ शकत नाही, डेव्हर्सचा करारही २०३३ पर्यंतचाच होता. तुमच्या मुलाला हे खोटं सांगू नका. पण डेव्हर्सची जर्सी टाकून पण देऊ नका. माझ्याकडे मूकीची ५० नंबरची अजून आहे, ऑगस्ट २०२३ ला तो परत आला तेव्हा मी तीच घालून गेले होते आणि आजूबाजूला तशाच शेकडो होत्या. जायंट्स कधीतरी फेनवेला येतीलच, तेव्हा त्याला ती घालून घेऊन जा, लहान झाली असेल तर हातात धरून.

आणि अँथनीची दोन साइझ मोठी घ्या, २०३३ ला तुमचा मुलगा सतरा वर्षांचा असेल.